ढगामागचं नख

चीन देशात पाच नखांचा ड्रॅगन फक्त बादशहाच्या अंगरख्यावर शोभायचा. बाकीच्यांनी चार नखांवर समाधान मानायचं, नाहीतर मुंडकं उडायचं.

सुभेदार च्यांगला मात्र पाचच नखं हवी होती. कशिदा काढणाऱ्या शुईलानकडे त्याने रेशमी अंगरखा धाडला आणि निरोप तोंडीच दिला, "वाढदिवसाला घालायचाय. पाच नखं भर, नाहीतर तुरुंगात जा."

"तोंडी का, कळलं ना?" तिचे काका रडकुंडीला आले. "उद्या कुणी विचारलं तर हात वर करेल. म्हणेल, चूक पोरीची! पण भर बाई, मोठ्यांपुढे बोलू नये."

"रडून झालं असेल तर सोनेरी रीळ द्या, काका."

वाढदिवसाला भर मेजवानीत शुईलानने अंगरखा आणून दिला. सुभेदाराने पंजावरची नखं मोजली आणि तो कडाडला, "ए पोरी! सांगितली होती तेवढी नखं कुठायत?"

"चार समोर आहेत, सरकार. पाचवं या ढगामागे आहे." पंजाच्या कडेला तिने निळा ढग भरला होता. "सगळ्यांसमोर एकदाच म्हणा, ढग काढ. इथल्या इथे उसवते."

सुभेदाराच्या गादीवर डोळा असलेल्या दोन सरदारांनी हातातले पेले खाली ठेवले आणि कान टवकारले.

सुभेदाराने घाईघाईने अंगरखा चढवला.

"छे छे, राहू दे," तो म्हणाला. "ढग फार सुरेख आलाय."