बांधाच्या पोटातली माती

एका गावाच्या डोक्यावर एक तलाव होता. डोक्यावर म्हणजे अगदी डोक्यावर. गावातल्या कुठल्याही अंगणातून मान वर केली की आधी मातीचा उंच बांध दिसायचा आणि मग आभाळ. बांध धड राहिला तरच गाव राहणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बांधाची काळजी घ्यायला त्याच्या टोकाशी एक जलशाळा होती. बांधावर जायची वाटही तिच्याच फाटकातून होती. तिथले विद्यार्थी काठीने खोली मोजत, दोरीने उतार मोजत. बांधाच्या तळाशी पाणी सोडायची दगडी मोरी होती. ती कधी आणि किती उघडायची याची गणितं ते करत. शाळा चांगली होती. फक्त तिच्या दारात प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत, "पाण्याची चाकरी केलेल्या तुझ्या सात पिढ्यांची नावं सांग." ज्याला सांगता येत, तो आत. ज्याला येत नसत, त्याला बांधावर पाय ठेवायचीही बंदी. असं का, हे शाळेत कोणी विचारत नसे. विचारणारे सगळे बाहेर होते.

शाळा थोरले गुरुजी चालवत आणि त्यांच्या हाताखाली एक धाकटे गुरुजी होते. हुशार, मनमिळाऊ, विद्यार्थ्यांचे लाडके. ते कुंभाराच्या घरचे होते आणि हे कोणालाच माहीत नव्हतं. लहानपणी त्यांना गणिताचं वेड लागलं, तेव्हा त्यांनी दूरच्या कुठल्याशा घराण्यातली सात नावं पाठ केली आणि दारात धडाधड म्हणून दाखवली. त्याला चौदा वर्षं झाली होती. तरी अजून कोणी सहज जरी विचारलं, "तुमच्याकडचे कोण हो?", की ते घाईने विषय बदलायचे. वडील टेकडीपलीकडच्या वस्तीत राहायचे. गुरुजी वर्षातून एकदा गुपचूप जाऊन यायचे आणि परतताना नखांतली माती काडीने कोरून काढायचे.

त्या वर्षी पावसाने जायचं नाव घेतलं नाही. तलाव काठोकाठ भरला.

एका सोमवारी एक परटीण शाळेच्या फाटकाशी आली. बांधाच्या पायथ्याला एक झरा पाझरायचा, तिथेच परटिणींचा घाट होता. तिने फाटकाबाहेरूनच धाकट्या गुरुजींपुढे एक धोतर उलगडलं.

"गुरुजी, हे थोरल्या गुरुजींचं. तीनदा धुतलं. दर खेपेला जास्तच काळपटतंय."

"हात जरा जोरात चालव, मावशी," आतून एक विद्यार्थी म्हणाला. बाकीचे हसले.

"बाळा, तुझी लंगोटंसुद्धा मीच धुतलीत," परटीण म्हणाली. "माझा हात नाही बिघडला. झरा बिघडलाय."

धाकट्या गुरुजींनी धोतराचा काठ चिमटीत धरून चोळला, मग पुन्हा चोळला. ही ओढ्याची तांबडी माती नव्हती. लोण्यासारखी मऊ, चिकट, काळी होती. बांध वरून मुरमाचा असला तरी त्याच्या पोटात अशीच काळी माती ठासून भरलेली होती. ती झऱ्यातून येत होती, म्हणजे बांध आतून पोखरत चालला होता. हे कुठल्या ग्रंथात नव्हतं. वडिलांच्या चाकाशेजारी चिखल तुडवताना त्यांचे तळपाय ती माती ओळखायला शिकले होते.

"काय वाटतं?" परटिणीने विचारलं.

त्यांनी तोंड उघडलं. मग मनात आलं, सगळे विचारतील, तुम्हाला कसं कळलं?

"बघतो," ते म्हणाले.

मंगळवारी त्यांनी काठीने पाणी मोजलं. दोरीने उतार मोजला. आकडे जसेच्या तसे होते.

"गुरुजी, मोरी थोडी उघडावी का?" त्यांनी थोरल्या गुरुजींना विचारलं.

"आकड्यांत काही फरक?"

"नाही."

"मग उन्हाळ्यात गावाने काय प्यायचं?"

धाकट्या गुरुजींनी काठी आणि दोरी उचलून ठेवली. बुधवारी ते जेवण तसंच टाकून उठले. ते बांधावर उभे राहून खाली बघत राहिले. खाली कोणी शेणी थापत होतं, कोणी बाळाला न्हाऊ घालत होतं. परटिणी धुणं आपटत होत्या आणि प्रत्येक आपटण्यासरशी गुरुजी दचकत होते.

गुरुवारी सकाळी परटीण परत आली. या वेळी तिने तांब्या आणला होता. तांब्यातलं पाणी शाईसारखं काळं होतं.

"माझी लेक घाटावर बसत नाही म्हणते. पायाखाली काहीतरी थरथरतंय म्हणते. गुरुजी, सोमवारपासून बघताय ना तुम्ही?"

गुरुजींनी तांब्या घेतला आणि ते तडक थोरल्या गुरुजींच्या वर्गात शिरले. "बांध आतून वाहून चाललाय. ही त्याच्या पोटातली माती आहे."

"कशावरून?" थोरल्या गुरुजींनी विचारलं. "मातीसारखी माती. हे कुठल्या ग्रंथात आहे?"

"ग्रंथात नाही." धाकट्या गुरुजींनी तांब्या त्यांच्यापुढे ठेवला. "माझे वडील कुंभार आहेत. मी चार वर्षांचा असल्यापासून ही माती तुडवली आहे. दारात म्हटलेली ती सात नावं खोटी होती."

थोरले गुरुजी त्यांच्याकडे बघत राहिले, मग तांब्याकडे. त्यांनी तांब्यात बोटं घातली, तळाचा गाळ चोळून पाहिला.

"मला यातलं काही कळत नाही," ते हळूच म्हणाले. "वेळ किती आहे?"

"ठाऊक नाही. संध्याकाळपर्यंत मिळाला तरी पुष्कळ."

मोरी उघडली. पाणी गर्जत ओढ्यात घुसलं. गावकरी पोरं-म्हातारी घेऊन टेकडीवर चढले. दुपारी तलावाचं पाणी उतरलं तसं आतल्या बाजूचं भगदाड दिसलं. विद्यार्थ्यांनी चिखल कालवून त्यात टाकला, पण तो पेजेसारखा वाहून गेला. माती मळायची कशी, हे शाळेत कोणालाच येत नव्हतं.

"कुंभारांना बोलवा," धाकटे गुरुजी म्हणाले.

टेकडीपलीकडून वस्तीच आली. फाटकावर रखवालदाराने सवयीने हात आडवा केला. "सात पिढ्यांची नावं?"

"सोड त्यांना," थोरले गुरुजी वरून ओरडले. "बुडायला निघालास का?"

सगळ्यांत पुढे एक म्हातारा होता, डोक्यावर मातीची पाटी घेतलेला. मुलाला पाहून त्याने झटकन नजर खाली घातली. अनोळखी माणसाशी बोलावं तसं विचारलं, "गुरुजी, माती कुठे टाकू?"

धाकट्या गुरुजींनी पुढे होऊन पाटी उतरवून घेतली. "इकडे, बाबा. मीही तुडवतो तुमच्याबरोबर."

म्हाताऱ्याने धोतर वर खोचलं.

सूर्य कलेपर्यंत भगदाड बुजलं. झरा आधी काळा, मग राखाडी, मग नितळ झाला. गाव वाचलं. पण मोरीच्या लोंढ्याने परटिणींचा घाट गिळला होता. पिढ्यान्‌पिढ्यांचे धुण्याचे दगड गाळाखाली गेले होते.

शुक्रवारी धाकटे गुरुजी फावडं घेऊन तिथे गेले. परटीण गाळ उपसत होती.

"मी सोमवारी आले होते," ती मान वर न करता म्हणाली. "तेव्हाच मोरी हळूहळू उघडली असती, तर घाट राहिला असता."

"हो."

"का नाही बोललात?"

"भीती वाटली. मी आत कसा शिरलो, हे कोणाच्या लक्षात येऊ नये असंच चौदा वर्षं जगलो."

"आणि त्या चौदा वर्षांत बाहेरच्या किती पोरी-पोरांना तो सात पिढ्यांचा प्रश्न विचारलात?"

गुरुजींना मोजता येईना. ते खाली बसले आणि गाळ उपसू लागले. दोघांनी मिळून धुण्याचा एक दगड मोकळा केला.

"माझी लेक येत्या सोमवारी शाळेत येणार आहे," शेवटी परटीण म्हणाली. "आणखी सहा जणी आहेत. एकीला ऐकू येत नाही, पण पाण्यातलं तिला सगळ्यांत जास्त कळतं. त्यांच्यासाठी दार उघडत बसू नका. काढूनच टाका ते."

दुसऱ्या दिवशी धाकट्या गुरुजींनी सुताराला बोलावलं. थोरले गुरुजी ओट्यावर येऊन बघत राहिले.

"अहो, जागा बारा आणि येणार किती?" ते काळजीने म्हणाले. "बसवणार कुठे सगळ्यांना?"

"आपण थोडे सरकू, गुरुजी," धाकटे गुरुजी म्हणाले आणि त्यांनी दाराचं दुसरं टोक उचललं.

तात्पर्य: ज्ञानाच्या दारात माणसं निवडून घेतली, तर संकटात नेमकं लागणारं शहाणपण बाहेरच उभं राहतं. आणि जो कसाबसा आत पोहोचला, त्याने भीतीपोटी आपल्यामागे दार लावून घेतलं, तर त्याची किंमत बाहेर राहिलेल्यांनाच आधी मोजावी लागते.