बांधाची उंची

"पण उंच किती, बुवा? एक आकडा सांगा." वाकणकरांनी तिसऱ्यांदा विचारलं.

हाशाबुवा गुडघ्यांवर बसून खेकड्याच्या बिळात चिखल कोंबत होते. वय ऐंशीच्या पुढं. खाडीकाठच्या मातीच्या बांधावर रोज भरतीआधी फेरी मारायची आणि बिळं बुजवायची, हे त्यांचं साठ वर्षांचं व्रत. बांधाच्या अलीकडे तीनशे घरं, पलीकडे खारं पाणी.

श्रीरंग वाकणकर नगरपरिषदेचे अभियंता. हवामान बदलाला गावानं कसं तोंड द्यायचं, याचा दोनशे अकरा पानी आराखडा त्यांनी एकहाती लिहिला होता, आणि तसं सांगायला ते विसरत नसत. उद्याच्या सभेत तो मंजूर व्हायचा होता. पण बांधाच्या उंचीपुढची जागा कोरी होती. नगरसेवक अडून बसले होते, हाशाबुवा सांगतील तोच आकडा. म्हणून साहेब खिशात टेप घालून आले होते. उंटावरून शेळ्या हाकतो, असं कुणी म्हणायला नको.

"तुझ्या कागदात काय काय हाय?" बुवांनी विचारलं.

"सगळं. तीस वर्षांत समुद्र किती चढेल, तेसुद्धा."

"खेकडा हाय?"

वाकणकर हसले. "खेकडा... नाही."

बुवा हसले नाहीत. दोन पावलांवरच्या बिळाकडे त्यांनी बोट केलं.

"हात घाल."

इस्त्रीच्या शर्टाकडे एकदा बघून वाकणकरांनी बाही सरसावली. कोपरापर्यंत हात गेला. मग खांद्यापर्यंत. गाल मातीला टेकला...

बोटांना गार काहीतरी लागलं. गेलं. पुन्हा आलं.

"पाणी आहे," ते पुटपुटले. "हलतंय."

"दर्या हाय तो. आज आवसेचं उधान."

वाकणकरांनी मान वर केली. एका बाजूला पाणी बांधाच्या काठापासून हातभर खाली. दुसऱ्या बाजूला, त्या पाण्याच्याही खाली, घरांचे उंबरे. एका अंगणात एक बाई सुकट पसरत होती. हे त्यांनी नकाशावर पन्नासदा काढलं होतं. दिसलं मात्र आज पहिल्यांदा.

गावाकडच्या उतारावर एक ओली रेघ उमटली.

मग त्यांना कुणी काही सांगायची गरज उरली नाही. चिखलाचे गोळे करून ते कोंबत राहिले. दहा, वीस... बीळ भरलं तेव्हा शर्टाचा मूळ रंग कुणाला ओळखता आला नसता.

"आता टाच दाबून उभा ऱ्हा," बुवा म्हणाले. "ज्याला बीळ गावलं, त्यानं भरती उतरंपर्यंत हलायचं नाय. नायतर चिखल सुटतो."

"किती वेळ?"

"दर्याला इचार."

ते उभे राहिले. दहा वाजले. अकरा वाजले. पायाखालची माती बारीक थरथरत होती. टेप, सभा, कोरी जागा, काहीच आठवेना.

बाराच्या सुमारास त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि पाहतच राहिले.

पार वळणापर्यंत बांधावर माणसं उभी होती. सुकट टाकून आलेली ती बाई. कडेवर पोर घेतलेली तिची जाऊ. शाळेचे मास्तर. उद्याच्या सभेत वाकणकरांच्या विरोधात बोलणार असलेला एक नगरसेवक, चपला हातात धरून. प्रत्येकाची टाच एकेका बिळावर. पाणी सगळ्यांच्या पावलांशी आलेलं.

वाकणकरांचे डोळे भरून आले. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

पाणी थबकलं... मग बोटभर उतरलं.

बुवा जवळ आले. त्यांनी साहेबांच्या चिखलानं भरलेल्या खिशातून टेप काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"आता मोज. ह्या मानसांसकट."