हौद्यातली पावलं

“...ते सगळं खरं वस्ताद, पण यादीत माझं नाव असणार का न्हाई? तेवढं सांगा.”

बाबालाल वस्तादांनी मान वर केली नाही. तालमीतल्या कुस्तीच्या हौद्याच्या काठावर बसून ते लिंबं चिरत होते. समोरच्या पाटीत पन्नासेक लिंबं पडली होती. त्यातल्या एकाइतकंही आपल्याला इथं मोल नाही, असं धैर्यशील मगदूमला वाटून गेलं.

कोल्हापुरात तालमी बांधल्या त्या कुस्तीसाठी. पुढं त्याच तालमींनी फुटबॉलचे संघ काढले आणि पेठांमधली निम्मी भांडणं मैदानावर गेली. धैर्यशीलच्या चिंचबाग तालमीत म्हणूनच एका कोपऱ्यात पैलवानांची गदा असते, तर तिच्या डोक्यावर खुंटीला फुटबॉलची जाळी लटकत असते.

हंगाम तोंडावर आला की हौद्यातली तांबडी माती खणून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मिसळतात. माती तयार झाली की तिच्या काठावर उभं राहून अध्यक्ष संघाची यादी वाचतात. नाव आलं की खेळाडूनं हौद्यात उतरायचं आणि चिमूटभर माती कपाळाला लावायची. गेली सहा वर्षं पहिलं नाव धैर्यशीलचं यायचं. संघाचा स्ट्रायकर तो, नऊ नंबरवाला.

यंदा मात्र काही खरं नव्हतं.

गेल्या हंगामात तो हेडर मारायला उडाला, डाव्या पायावर उतरला आणि गुडघ्यात काडकन वाजलं. ऑपरेशन झालं. नऊ महिने गेले. तेवढ्यात तालमीच्या समितीनं गोव्याहून एक स्ट्रायकर आणला आणि त्यानं सरावाच्या तीन सामन्यांत चार गोल मारून ठेवले. आता जागा एक आणि माणसं दोन. समितीत दोन तट पडले, आवाज चढले, आणि शेवटी अध्यक्षांनी बाबालाल वस्ताद म्हणतील ते करायचं ठरवून टाकलं.

फुटबॉलमधलं वस्तादांना एवढंच कळायचं, की चेंडू जाळीत गेला की पोरं ओरडतात. पण अंगाची पारख त्यांच्याइतकी पेठेत कुणाला नव्हती.

धैर्यशीलनं खिशातून डॉक्टरांचा कागद काढला. खेळायला हरकत नाही, असं त्यावर स्वच्छ लिहिलं होतं. वस्तादांनी तो लिंबाच्या हातानं धरला, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि परत दिला.

“गुडघा कसा हाय?”

“शंभर टक्के.”

“गोल कुठल्या पायानं मारतोस?”

“उजव्या. तेच तर सांगतोय की. मोडला तो डावा. उजव्याला काय धाड भरलीय?”

वस्तादांनी सुरी पुसली. भिंतीला टेकलेल्या फावड्याकडं बोट केलं आणि रविवारपर्यंत रोज सकाळी माती खणायला सांगितलं. अनवाणी.

“आणि माझ्या नावाचं?”

“ते मग इचार.”

पहिल्या दिवशी धैर्यशीलला वाटलं, हा गुडघ्याचा व्यायाम असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं, शिक्षा असेल. तिसऱ्या दिवशी हातांना फोड आले तेव्हा त्याची खात्रीच झाली, की म्हाताऱ्याला फुकटचा गडी मिळालाय. पाठमोरे वस्ताद मातीत तेल सोडत राहायचे आणि हा खणत राहायचा.

रोज फावडं भिंतीला लावलं की तो तोच प्रश्न विचारायचा. वस्तादांचं उत्तरही ठरलेलं असायचं.

“अजून तू इचारलंच न्हाईस.”

गुरुवारी त्याचं डोकं फिरलं. स्टेडियमवर पंधरा हजार माणूस आपलं नाव घेऊन ओरडायचं, फायनलला तीन गोल मारले तेव्हा पोरांनी चौकापर्यंत खांद्यावरनं आणलं, आणि आज आपण इथं माती उकरतोय, हे सगळं त्यानं एका दमात ऐकवलं. शेवटी म्हणाला, तुम्हाला फुटबॉलमधलं कळतंय काय?

“काय न्हाई,” वस्ताद म्हणाले आणि ताकाचं भांडं घ्यायला आत गेले.

भांडायला आलेल्या माणसापुढं असं कुणी कबूलच करून टाकलं की त्यानं पुढं काय करायचं, हे धैर्यशीलला कुणी शिकवलं नव्हतं. तो पुन्हा खणायला लागला.

शनिवारी गोव्याचा तो खेळाडू तालीम बघायला आला. चप्पल दाराबाहेर काढली, हौद्याच्या काठाला हात लावून नमस्कार केला. मोडक्यातोडक्या मराठीत त्यानं धैर्यशीलला गुडघ्याचं विचारलं. मनापासून विचारलं. धैर्यशीलनं शंभर टक्के म्हणून सांगितलं.

त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण आला नाही. भीती वाटली. धैर्यशीलचं वय सत्तावीस. घरात, चौकात, चहाच्या गाड्यावर जो तो त्याला नऊ नंबर म्हणूनच ओळखायचा. पाठीवरचा तो आकडा गेला तर खाली राहणारा माणूस कोण, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी तो उजाडताच पोचला. वस्तादांनी फळी ओढून माती सपाट केली होती. हळदीचा आणि ताकाचा वास सुटला होता. समितीची माणसं यादी वाचायला आठाला येणार होती.

“ह्या काठावरनं त्या काठापतुर चाल,” वस्ताद म्हणाले.

धैर्यशील चालला. छाती काढून, हात हलवत, मैदानात उतरताना चालायचा तसा. पलीकडच्या काठाला जाऊन उभा राहिला.

“आता मागं बग.”

त्यानं वळून पाहिलं.

उजवी पावलं खोल उमटली होती. पाच बोटं, टाच, सगळं जागच्या जागी. डाव्या पावलांच्या जागी नुसत्या बोटांच्या खुणा होत्या. टाच कुठंच नव्हती. परक्याच्या घरात कुणी दबकत शिरावं, तसा तो पाय गेला होता.

माती एकसारखी नसेल, असं तो पुटपुटला. वस्तादांनी फळी उचलली, पुन्हा सगळं सपाट केलं आणि हातातल्या काठीनं खूण केली. धैर्यशील पुन्हा चालला. या वेळी सावकाश, दोन्ही पायांवर लक्ष ठेवून, दोन्हीकडं सारखा भार टाकत. निदान त्याला तरी तो सारखा वाटला.

खुणा तशाच उमटल्या. तिसऱ्यांदा चालायला त्याचा पाय उचलला नाही.

“उजव्यानं गोल मारतोस,” वस्ताद म्हणाले, “तवा डावा कुठं असतोय?”



घरी भिंतीवर त्या फायनलचा फोटो होता. उजवा पाय हवेत, चेंडू निघालेला, मागं ओरडणारी माणसं. दोन वर्षं तो फोटो रोज बघत होता, आणि खाली गवतात रोवलेला, सगळं अंग पेलून धरणारा डावा पाय त्याला आत्ता पहिल्यांदा आठवला.

“डॉक्टरचा कागद खोटा न्हाई,” तो म्हणाला. “दुखत कायबी न्हाई वस्ताद. पर मी त्यो टेकवतच न्हाई. जिना उतरताना न्हाई, सरावात न्हाई. टेकवला की ते काडकन वाजलेलं ऐकू येतंय. घरातबी कुणाला बोललो न्हाई.”



बाहेर स्कूटर थांबल्या. समितीची माणसं बोलत बोलत दारातून आत आली. पुढं अध्यक्ष, हातात घडी घातलेला कागद. मागं गोव्याचा खेळाडू होता. हौद्यात धैर्यशीलला पाहून सगळे दारातच थबकले. वस्ताद काय म्हणतात, याचीच ते वाट बघत होते.

वस्तादांनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही. धोतराचा सोगा वर खोचून ते हौद्यात उतरले, धैर्यशीलच्या समोर आले आणि काठीचं टोक त्याच्या उजव्या पावलावर ठेवलं.

“ह्यो उचल.”

धैर्यशीलनं दाराकडं पाहिलं. ज्यांना शंभर टक्के सांगितलं होतं ते सगळे तिथं उभे होते. आधाराला त्यानं हात पुढं केला. वस्ताद दोन पावलं मागं सरले. काठीही त्यांनी मागं घेतली.

त्यानं उजवा पाय उचलला.

अंग डावीकडं कललं. हात पसरले गेले. घोटा हलला, गुडघा लटपटला, आणि तो आवाज आता येणार म्हणून त्यानं डोळे मिटले...

आवाज आला नाही. गुडघा थरथरत होता. मांडीतून कंप वर चढत होता. पायाखालची माती मात्र हळूहळू दबत गेली, आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा डावी टाच खाली टेकली.

त्यानं डोळे उघडले. अध्यक्षांच्या हातातला कागद अजून घडीतच होता.

वस्ताद खाली वाकले. रुतलेलं पाऊल त्यांनी जवळून पाहिलं, टाचेभोवतीच्या मातीवरून एक बोट फिरवलं आणि सरळ उभे राहिले.

“हं... आता टाच टेकली. इचार, काय इचारायचं हुतं ते.”