पंख्याच्या आज्ञावलीतली फट

एकदा एक शिष्य निर्दोषत्वाचा दाखला मागायला आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला.

शिष्याचे नाव प्रसन्न वाकणकर. खेळांसाठी वापरले जाणारे ताकदवान संगणक बनवणाऱ्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर विभागाचा प्रमुख होता. असे संगणक फार तापतात. त्यांच्या पंख्यांचा वेग, वीज आणि रंगीत दिवे सांभाळणारी एक आज्ञावली कंपनी त्यांत आधीच घालून देत असे. ती प्रसन्नने स्वतः लिहिली होती, आणि तिचा त्याला अभिमान होता. गुरू म्हणजे सांगलीचे टिळेकर सर. एकतीस वर्षे अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवून ते निवृत्त झाले होते. विद्यार्थी त्यांना आचार्य म्हणत. प्रथम थट्टेने, पुढे मनापासून.

प्रसन्न पुण्याहून पहाटे निघाला आणि अकराच्या सुमारास पोचला. आचार्य ओसरीवर वर्तमानपत्र पसरून बेदाण्यांचे देठ काढत बसले होते. त्यांनी त्याला समोर बसवले, थोडे बेदाणे त्याच्यापुढेही सरकवले आणि बोल म्हणून सांगितले.

प्रसन्नने सगळे सांगितले. पाच महिन्यांपूर्वी मिरजेच्या एका विद्यार्थिनीचा, तरन्नुम मुजावर हिचा, त्याला ई-मेल आला होता. तिचे म्हणणे असे होते की पंखे आणि वीज यांच्यापर्यंत हात पोचावा म्हणून तुमच्या आज्ञावलीला संगणकावर संपूर्ण अधिकार दिलेला आहे. ते एक वेळ समजू शकते. पण त्याच संगणकातल्या दुसऱ्या कोणत्याही प्रोग्रामने तिला काही करायला सांगितले, तर सांगणारा कोण, त्याला तो हक्क आहे का, हे ती विचारत नाही. सांगितले की करते. म्हणजे ज्याला त्या संगणकावर फक्त स्वतःपुरती मुभा आहे, तोही हिच्याकरवी मालकासारखे काहीही करून घेऊ शकतो. तरन्नुमने हे तीनदा कळवले. प्रसन्नने एकदाच, दोन ओळींत उत्तर दिले: हे करायला माणूस आधीच संगणकाच्या आत असावा लागतो. आतल्यांपासून संरक्षण देणे आमच्या कामात येत नाही.

मग पेणहून एक पत्र आले. ते सुलभा घरत यांचे होते. त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. मिठागरांत आयुष्य घालवलेल्या चौदा वृद्धांची बोली, गाणी, कामाच्या हकिकती त्यांनी अकरा वर्षे फिरून ध्वनिमुद्रित केल्या होत्या. त्यांतले नऊ जण आता हयात नव्हते. मुद्रणांतली खरखर काढायला ताकदवान संगणक लागतो, म्हणून त्यांनी आणि मुलाने मिळून खेळांचाच एक संगणक घेतला. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे दोघांची खाती वेगळी ठेवली. आईचे मुलाला उघडता येऊ नये, मुलाचे आईच्या कामात येऊ नये, अशी ती सोय होती.

मुलाने आपल्या खात्यात मोटार-शर्यतीचा एक फुकटचा खेळ उतरवून घेतला. त्यात घातक प्रोग्राम दडलेला होता. एरवी त्याची धाव मुलाच्या खात्यापुरतीच राहिली असती. पण त्या प्रोग्रामने पंख्याच्या आज्ञावलीला सांगितले, आणि तिने न विचारता भिंत ओलांडून दिली. एका दुपारी अकरा वर्षांची सगळी मुद्रणे कधीही उघडता येणार नाहीत अशी होऊन बसली. दुर्दैव असे की दुसरी प्रत ज्या डिस्कवर होती, तीही नेमकी त्याच दिवशी नवी मुद्रणे उतरवून घ्यायला संगणकाला जोडलेली होती. तपासणाऱ्या तंत्रज्ञाने फट कुठे होती ते शोधून बाईंना कागदावर लिहून दिले. बाईंनी तो कागद कंपनीकडे पाठवला आणि एवढेच विचारले होते की यातले काही परत मिळेल का.

मिळणार नव्हते. प्रसन्नच्या माणसांनी फट मात्र बुजवली. आता आज्ञावली प्रत्येक वेळी सांगणाऱ्याची ओळख आणि हक्क तपासत होती. या कामाला नऊ दिवस लागले. पाच महिने पडून राहिलेले काम नऊ दिवसांचे होते.

हे सांगून झाल्यावर प्रसन्नने पुढ्यातले बेदाणे बाजूला सारले. मग म्हणाला, "सर, बाहेरच्याला अडवा, आतल्यावर विश्वास ठेवा, हा नियम आम्ही तुमच्याकडेच शिकलो. मी त्या नियमाने वागलो. माझी चूक नाही, एवढं तुमच्या तोंडून ऐकायचंय. मला झोप लागत नाही."

आचार्यांनी तरन्नुमचा पहिला ई-मेल पाहायला मागितला. प्रसन्नने फोन पुढे केला. आचार्य चष्मा लावून ते लांबलचक लिखाण वीसेक मिनिटे वाचत राहिले. एक-दोनदा मागे गेले, वर्तमानपत्राच्या कडेवर काहीतरी टिपून ठेवले. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, की हे तू शेवटपर्यंत वाचलं होतंस ना. प्रसन्न हो म्हणाला. मग आचार्यांनी आत जाऊन सदरा बदलला, कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी वही घेतली आणि मिरजेला चल म्हणाले.

वाटेत प्रसन्नला वाटले, त्या मुलीची समजूत काढायला, तिला शाबासकी द्यायला सर निघाले आहेत. त्याला जरा बरेही वाटले.

तिच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तरन्नुम वाट पाहत असलेल्या या दोघांना भेटायला आली तेव्हा गोंधळून गेली होती. तिच्या प्राध्यापकांनी पाहुण्यांसाठी खुर्च्या मागवल्या. आचार्यांनी त्या नकोत म्हटले. ते विद्यार्थ्यांच्या पहिल्या बाकावर जाऊन बसले, वही उघडली, वर तारीख घातली आणि म्हणाले, "मुजावर मॅडम, मला हे पहिल्यापासून शिकवा. मधे प्रश्न विचारले तर चालेल ना?"

प्रसन्न दाराशीच उभा होता. आचार्यांनी बाकावरची शेजारची जागा हाताने पुसली आणि त्याला बसायची खूण केली. तो बसला. प्राध्यापकांसमोर, दोन-चार मुले खिडकीतून पाहत असताना, आपल्याच आज्ञावलीचा धडा ऐकायला बसणे त्याला फार जड गेले.

तरन्नुमचा आवाज सुरुवातीला कापत होता. तिने जुनी, न सुधारलेली आज्ञावली असलेला संगणक सुरू केला. त्यावर दोन खाती होती. एकात तिने एक साधे पत्र लिहून ठेवले आणि दुसऱ्या खात्यातून ते उघडून पाहिले. उघडले नाही. मग तिने चार ओळींचा एक छोटा प्रोग्राम चालवला. पंख्याच्या आज्ञावलीने त्याचे ऐकले, आणि पत्र पडद्यावर आले. हे सगळे चार मिनिटांत झाले. नंतर ती फळ्याकडे वळली आणि का झाले ते सांगू लागली. आता तिचा आवाज स्थिर होता. आचार्य लिहून घेत होते. एका ठिकाणी त्यांनी स्वतःचा समज बोलून दाखवला. ती चटकन म्हणून गेली, "नाही सर, तसं नाही." त्यांनी लिहिलेले खोडले आणि पुन्हा लिहिले.

शेवटी आचार्य उभे राहिले आणि त्यांनी तिला हात जोडले. ती संकोचून मागे सरली. जरा वेळाने म्हणाली, "मी तीनदा लिहिलं होतं सर. चौथ्यांदा लिहायला हवं होतं. मधे परीक्षा आली, आणि मग राहूनच गेलं."

"नाही," आचार्य म्हणाले, "चौथ्यांदा लिहायची वेळ तुमच्यावर यायलाच नको होती."

बाहेर दुचाकी लावायच्या पत्र्याच्या शेडखाली दोघे येऊन थांबले. प्रसन्नच्या मनात लाज होती आणि थोडा रागही. त्याने विचारले, की सर, तिचे आभार फोनवरही मानता आले असते. या वयात तुम्ही बाकावर बसून, मलाही बसवून, काय साधलंत?

आचार्य म्हणाले, "तुम्हाला दिलेला नियम अर्धाच होता, प्रसन्न. आणि ते मला माहीत होतं. मी शिकवायला लागलो तेव्हा एका संगणकाला एकच माणूस असायचा, त्यामुळे तो चालून गेला. पुढे काळ बदलला. तुमच्या आधीच्या कुठल्याशा वर्षी एका मुलीने वर्गात उभं राहून विचारलं होतं, की सर, आतला माणूस आपला नसेल तर? आणि ज्याच्या हातात सगळा अधिकार दिलाय, तो कुणाचंही ऐकत असेल तर? मी म्हटलं, हे अभ्यासक्रमात नाही, खाली बस. ती बसली. पुन्हा तिने कधी काही विचारलं नाही. मला तिचं नावसुद्धा आठवत नाही. नियम सोपा होता, मुलांना पेपरात लिहायला बरा पडायचा, म्हणून मी तोच शिकवत राहिलो. त्या पेणच्या बाईंचं जे गेलं, त्याची सुरुवात माझ्या वर्गात झाली. आज निदान एका मुलीसमोर मला खाली बसायचं होतं. तुला बसवलं, कारण तूही तेच केलंस, आणि तुझ्याजवळ अजून वेळ आहे."

प्रसन्न म्हणाला, की मघाशी मी खोटं बोललो. तिचं पत्र मी शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं. आधी आत असावं लागतं, एवढं तिसऱ्या ओळीत वाचलं आणि बंद केलं. उत्तर तयार होतं माझ्याकडे.

आचार्यांनी मान हलवली. त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले नाही. वही त्यांनी काखेत धरली होती. समोरच्या थांब्यावर सांगलीची बस आली तसे ते प्रसन्नच्या खांद्यावर हात ठेवून, तू पुण्याच्या वाटेला लाग, मी जातो, असे म्हणाले आणि चढले. दाखल्याचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही.

प्रसन्न त्या आठवड्यात पेणला गेला. कंपनीतल्या लोकांनी जाऊ नकोस, लेखी काय ते कळवू, असे सांगितले होते. तो रजा टाकून गेला. सुलभाताईंचे घर गावाबाहेर, खाडीच्या अंगाला होते. त्यांनी दार उघडल्यावर त्याने नाव सांगितले आणि ती आज्ञावली मी लिहिली, हेही लगेच सांगून टाकले. त्या दारातून बाजूला सरकल्या. मग आत या म्हणाल्या. मुलगा खोलीतून बाहेर आला नाही. त्या दुपारपासून तो त्या संगणकाला हात लावत नाही, असे त्यांनी चहा ठेवता ठेवता सांगितले. त्याचा दोष नाही हे कितीदा सांगितलं तरी त्याला पटत नाही, तुम्ही एकदा सांगून पाहा. प्रसन्नने बंद दाराशी उभे राहून त्याला सांगितले. दार बंदच राहिले.

परत काही मिळेल का, हे बाईंनी एकदा पुन्हा विचारले. त्याने नाही म्हटले. मिळणार नाही हे त्यांनाही माहीत असावे, कारण त्या फार थांबल्या नाहीत. फडताळातून त्यांनी एक वही काढली. कानात जे राहिलेय ते मी आता लिहून काढते आहे, म्हणाल्या. ज्यांना जाऊन पुन्हा विचारता येईल, त्यांना विचारणारच आहे. मग त्यांनी एक पान उघडून त्याच्यासमोर धरले.

"खाडीवरनं येणाऱ्या वाऱ्यांची ही नावं. कुठला वारा सुटला की मीठ ओढायला घ्यायचं, कुठला सुटला की झाकायचं, ते यांवर ठरायचं. सात होती. ठमाबाईंनी सांगितली होती मला, एका दमात. त्या गेल्या, त्याला आता दोन वर्षं झाली."

प्रसन्नने पान हातात घेतले. शिक्षिकेच्या वळणदार अक्षरात एकाखाली एक पाच नावे लिहिलेली होती. त्यांच्याखाली दोन ओळी कोऱ्या होत्या. त्या का सोडल्या, हे त्याने विचारले नाही.