पाणपाटलाचं दार

खूप मागची गोष्ट. इतकी मागची, की त्या गावच्या वेशीचे दगडसुद्धा आता कुणाच्या ध्यानात नाहीत. एका डोंगराच्या उतारावर ते गाव वसलं होतं. घरांच्या ओळी एकाखाली एक; वरच्याचं अंगण संपलं, की लगेच खालच्याचं छप्पर सुरू.

आता उतारावर राहायचं म्हणजे पाण्याशी गाठ. वरच्याने जमीन चोपून घर बांधलं, की जे पाणी मोकळ्या मातीत मुरायचं ते धावत सुटायचं आणि खालच्याच्या चुलीत शिरायचं. यावरून पूर्वी डोकीही फुटली होती. म्हणून जुन्या पंचांनी नियम घालून दिला. तुझ्या जागेत पडलेलं पाणी तुझ्याच जागेत मुरलं पाहिजे. नवं घर बांधणाऱ्याने अंगणात खोल खड्डा खणायचा आणि त्यात दगडगोटे भरायचे. मग पारख करायची: अंगणात घागरींवर घागरी ओतायच्या आणि खालच्या शेजाऱ्याने बांधावर उभं राहून बघायचं. ओघळ बांध ओलांडून आला नाही, तर त्याने म्हणायचं, ‘मुरलं’. हा शब्द आला की घराला दार बसवायची मोकळीक. तोवर घर बिनदाराचं.

हे सगळं नीट होतंय ना, ते बघायला गावाने एक माणूस नेमला होता. त्याला पाणपाटील म्हणत. आपल्या गोष्टीतला पाणपाटील रायाजी. माणूस कडक. एकदा संभू तेल्याच्या अंगणातून बोटभर ओघळ बांधापलीकडे गेला. संभू हातापाया पडला, बायको बाळंतीण आहे म्हणाला. रायाजी म्हणाला, “पाणी कुणाची ओळख बघत नाही, मीही बघत नाही.” झालं. संभूची बाळंतीण महिनाभर दाराच्या जागी गोणपाट लावून राहिली. गाव म्हणालं, पाणपाटील असावा तर असा. रायाजीलाही ते ऐकायला गोड लागायचं, कशाला खोटं बोला.

पुढे रायाजीच्या बायजाचं लग्न ठरलं. सोयरे मोठ्या गावचे. रायाजीने नवं घर बांधायला काढलं, आणि इथूनच घोडं पेंड खायला लागलं. घरधनीण म्हणाली, पाहुण्यांच्या पायांना माती लागेल, अंगणात फरशी घाला. गवंडी म्हणाला, खड्डा मधोमध आला तर बोहलं कुठे उभारणार? रायाजीने विचार केला, वैशाखात कुठला आलाय पाऊस. लग्न उरकलं की फरशी उचकटू, खड्डा खणू, चार दिवसांनी काय बिघडतंय? आणि अंगणभर दगडी फरशी बसली. सांध्यांत चुना भरला. मुंगीला शिरायला जागा ठेवली नाही.

राहिला ‘मुरलं’ हा शब्द. रायाजीच्या खाली राहायची हौसा कुंभारीण. नवरा वारल्यापासून एकटीने चाक फिरवणारी, थोडं बोलणारी बाई. रायाजीने पारखीसाठी नेमका बाजाराचा दिवस धरला. हौसा मडकी घेऊन बाजाराला गेली होती. घागरी ओतल्या, त्याही हात आखडून. निम्मं पाणी तापलेल्या फरशीनेच वाळवलं. मग हौसाच्या जागी बांधावर रायाजी स्वतःच उभा राहिला आणि स्वतःच म्हणाला, “मुरलं.” ऐकायला होतं कोण? हौसा परतल्यावर त्याने तिला सांगितलं, तुझ्या जागी मीच उभा राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी सागवानी दार बसलं. पाणपाटलाच्या अंगणाबद्दल कोण शंका घेणार? कुंपणच शेत खातंय, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

लग्न आठवड्यावर आलं. अंगणात बायका हळद कुटायला बसल्या. गाणी रंगली, फरशी पिवळीजर्द झाली. आणि दुपार कलताना आभाळ भरून आलं, वारा सुटला, वळीव कोसळला. बायका उखळं उचलून आत पळाल्या. रायाजी दारात उभा राहून बघत होता. अंगणात चिखलाचं नाव नाही. पाणी कसं सरसर निघून गेलं. त्याला क्षणभर बरंसुद्धा वाटलं.

मग खालून पाण्याचा आवाज आला. धो धो आवाज होता, ओघळाचा नव्हे. रायाजीने ओळखलं, जन्मभर तेच तर ओळखत आला होता. चार पावलं टाकून बांधावर जायचं, खाली डोकावायचं, एवढंच काम होतं. पण चोराच्या मनात चांदणं. तो आत आला, दार लावून घेतलं आणि हौसाक्काने काहीतरी आडोसा केला असेल, असं स्वतःला सांगत बसला.

आता त्या गावात एक रीत होती. बोहल्याच्या चार कोपऱ्यांना जी मडक्यांची उतरंड रचतात, ती मडकी नवरीच्या बापाने स्वतःच्या हाताने पेटवलेल्या आव्यातच, म्हणजे कुंभाराच्या भट्टीतच, भाजायची. दुसऱ्या दिवशी सकाळी रायाजी डोक्याला फेटा बांधून, घरच्या चुलीतले निखारे खापरीत घेऊन निघाला. पुढे सनई, मागे बायजा, बायका, पंच, संभू तेली, सगळं गाव. वाजतगाजत मंडळी हौसाच्या अंगणात उतरली आणि सनई आपोआप थांबली.

वरून पेंढ्याने झाकलेला आवा पाण्याचा लोंढा शिरून बसला होता. रचलेली कच्ची मडकी विरघळून त्यांचा पुन्हा चिखल झाला होता. उतरंडीची मडकी गेली होती, आणि वैशाखाच्या विक्रीसाठी हौसाने महिनाभर घडवलेले रांजण आणि माठही गेले होते. एक भिंत अर्धी खचली होती. हौसा त्या चिखलाजवळ बसून हाताला लागेल ते गाडगं वेगळं काढत होती, आणि प्रत्येक गाडगं हातातच फुटत होतं. त्या चिखलावर एक पिवळा पट्टा होता. तो आव्यावरून निघून बांधावर चढला होता आणि बांधावरून थेट पाणपाटलाच्या फरशीपर्यंत गेला होता. हळद होती ती. बायजाच्या लग्नाची हळद. कुणाला विचारायची गरज नव्हती.

गावाने आधी पट्टा बघितला, मग रायाजीकडे बघितलं. रायाजीच्या हातात निखारे होते आणि ते ठेवायला जागा नव्हती. खापरी तापत चालली, बोटं भाजायला लागली, तरी त्याला ती खाली ठेववेना. धरणीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं. कुणीतरी बोलावं, शिव्या द्याव्यात, असंही वाटलं.  संभू तेली मात्र मान खाली घालून उभा होता, जणू चूक त्याचीच.

हौसा उठली. तिने रायाजीच्या हातातली खापरी काढून घेतली, बाजूला ठेवली आणि म्हणाली, “पाटील, मडकं मी पुन्हा घडवीन. माती आहे, चाक आहे. पण माझ्या जागी उभं राहून तुम्ही जो शब्द बोललात, तो कुठल्या आव्यात भाजून पक्का करायचा?”

 रायाजी वळला, चढ चढून घरी गेला आणि नवं दार खिळे काढून उतरवायला लागला. दार जड होतं, एकट्याला पेलवेना. दुसरं टोक कुणीतरी उचललं. बघतो तर संभू.  दोघांनी दार हौसाच्या अंगणात नेऊन दगडांवर आडवं टाकलं, ओली मडकी वाळत घालायला. मग रायाजीने पहार घेतली आणि फरशी उचकटायला सुरुवात केली. पुढच्या दिवसांत खड्डा त्याने स्वतः खणला. हौसाची भिंतही त्यानेच बांधून दिली.

त्याच संध्याकाळी तो पंचांपुढे पाणपाटलाची काठी ठेवायला गेला. पंच काही बोलायच्या आतच हौसा म्हणाली, काठी ठेवून सुटायचं बघू नका. आता ती हातात घेऊनच सगळ्यांसमोर वावरा. काठी त्याच्याकडेच राहिली. पण तेव्हापासून ठरलं, की खालचा शेजारी हजर नसेल तर पारख नाही, आणि गावात पहिली पारख पाणपाटलाच्या अंगणाची.

राहिलं लग्न. एवढ्यात नवी मडकी घडून वाळणार कधी? घरधनीण रडकुंडीला आली. म्हणाली, पाहुण्यांना सांगू, गाय शिरली आणि मडकी फुटली. तेव्हा बायजा बापाजवळ येऊन म्हणाली, “आबा, चारी कोपरे रिकामे राहू देत. मला चालेल. पण का रिकामे आहेत, ते तुम्हीच सांगा. खोट्यावर अक्षता नकोत.”

म्हणून लग्नाच्या दिवशी पाणपाटील आपल्या बिनदाराच्या घरापुढे उभा राहिला आणि येईल त्या पाहुण्याला त्याने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं. व्याह्यांनाही सांगितलं. ते ऐकून व्याही चिखलाचे पाय धुऊन आत गेले. अक्षता पडल्या. रायाजीने मात्र त्या दिवशी मान वर केली नाही.

पुढे खरा पावसाळा आला. भर पावसात हौसा इरलं पांघरून बांधावर उभी राहिली. वरचं अंगण भरलं, बुडबुडलं आणि हळूहळू पिऊन गेलं. पाऊस ओसरेपर्यंत ती हलली नाही. मग म्हणाली, “मुरलं.”

रायाजी दार आणायला गेला. वाळत घातलेल्या ओल्या मडक्यांचे गोल डाग सागवानावर कायमचे उमटले होते. सुतार म्हणाला, रंधा मारतो, निघून जातील. रायाजीने त्याला हात लावू दिला नाही. तसंच दार बसवलं, आणि जन्मभर घरात शिरताना ते डाग त्याने बघितले.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: आपल्या दारचं पाणी आपल्याच दारी मुरवावं. पाणी उतारावरून खाली जातं, पण त्याची लाज चढ चढून वर येते.