धूर नसलेली वाडी

करंजवाडीत काडीकचऱ्यापासून स्वयंपाकाचा गॅस बनवणारा खासगी कारखाना उभा राहिला, तो परदेशी विकास बँकेच्या पैशावर. बँकेचे मोठे साहेब, मूळचे पुण्याचे, ज्या दिवशी पाहणीला येणार होते त्याच दिवशी पहाटे तिथली टाकी फुटली आणि कामावरचा सटवाजी जागीच गेला. मॅनेजरने घरोघर दम भरला, "याचा शब्द जो काढील, त्याच्या घरातलं कुणी पुन्हा कामावर दिसणार नाही."

साहेब आले. हार घालून घेतला, वाडीवर नजर फिरवली. असल्यांना गाव लांबूनच छान दिसतं.

"ऐन स्वयंपाकाची वेळ, आणि एकाही छपरातून धूर नाही!" साहेब खूश झाले. "ही आमच्या बँकेची करामत!"

सगळे माना खाली घालून उभे होते. सटवाजीची चुलती केराबाई पुढे झाली.

"जरा थांबा साहेब, धूर दिसेल. तुमचा गॅस इथं कुणाकडेच नाही, चुलीच आहेत. पण अख्खी वाडी एका भावकीची. मयत उचलेपर्यंत आमच्यात चूल पेटवत नाहीत."

साहेबांचा हात हारावरच थांबला. "कोण वारलं?"

"ते सांगायची आम्हाला बंदी आहे," केराबाई म्हणाली. "ज्यांनी घातली ते तुमच्या शेजारीच उभे आहेत. त्यांना विचारा."