अंबादासराव नेदर कॉपलला राहायला जातात

लंडनच्या पार टोकाला, जिथे घरं माणसाला जेमतेम परवडतात, तिथे नेदर कॉपल नावाचं एक उपनगर होतं. त्या उपनगरात बार्शीचा एक भोळा माणूस राहायला आला. त्याचं नाव अंबादासराव निंबाळे.

अंबादासराव एकतीस वर्षं एसटीच्या चौकशीच्या खिडकीवर बसले होते. गाडी किती वाजता, असं कोणी विचारलं की ते वेळ सांगायचे. गाडी येणार का, हे त्याने विचारलेलं नसायचं, म्हणून ते सांगत नसत. या कामाबद्दल त्यांना निवृत्तीच्या दिवशी शालही मिळाली. पुढे बायको गेली, आणि लेकीने, वैजूने, त्यांना आपल्याकडे नेलं. वैजू तिकडे इस्पितळात नर्स होती.

नेदर कॉपल परवडायचं, त्याला कारणं होती. लंडनची गाडी तासाला एक, तीही तिच्या मनात आलं तर. दुकानं तीन. एक केस कापायचं, एक जुने कपडे विकायचं आणि एक बंद. घरं सगळी एकाच विटेची, जोडीजोडीने एकमेकांना टेकून उभी. गल्लीत माणूस दिसायचा तो कचऱ्याचे डबे बाहेर ठेवायच्या दिवशी.

पण वैजूचा त्या घरावर जीव होता. घर भाड्याचं होतं. मागे हातभर बाग, बागेत सफरचंदाचं एक झाड. घरमालक मिस्टर ग्रिमशॉ यांना ते आता विकून टाकायचं होतं आणि त्यांनी सगळ्यांच्या आधी वैजूला विचारलं होतं.

"यापेक्षा बरं घर मला या जन्मात जमायचं नाही, आप्पा," वैजू म्हणाली. "एवढं पदरात पडू दे. तोवर शेजारपाजाऱ्यांशी नीट राहा."

"राहतो की," अंबादासराव म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी कुंपणापलीकडून शेजारच्या मिसेस व्हिटलो म्हणाल्या, "गुड मॉर्निंग! कसे आहात?"

अंबादासरावांना भरून आलं. बायको गेल्यापासून इतक्या आपुलकीने कोणी विचारलंच नव्हतं. त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी डावा गुडघा. मग उजवा गुडघा. मग पित्त. मग हर्नियाचं ऑपरेशन, टाक्यांसकट. पाऊस भुरभुरायला लागला. मिसेस व्हिटलोंकडे छत्री नव्हती, पण सभ्यपणा होता. त्या जागच्या हलल्या नाहीत. मूळव्याधीपर्यंत येईतो त्या निथळत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला.

वैजूने कपाळाला हात लावला. "अहो आप्पा, इथे 'कसे आहात' विचारलं की फक्त 'मजेत, थँक यू' म्हणायचं! पुढे एक अक्षर नाही."

"हे आधी सांगायचं ना," अंबादासराव म्हणाले.

पुढच्या महिन्यात त्यांचा डावा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. डॉक्टरांची वेळ मिळायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस ते भिंत धरून चालले. शेवटी वेळ मिळाली. ते आत गेले, खुर्चीवर बसले. डॉक्टरांनी विचारलं, "कसे आहात?"

"मजेत, थँक यू."

डॉक्टरांनी कागद पाहिला, गुडघ्याकडे पाहिलं. गुडघा पँटच्या आत होता. "काही त्रास नाही ना?"

अंबादासराव हसले आणि गप्प बसले. पुढे एक अक्षर नाही. डॉक्टरांनी आनंदाने हात मिळवला आणि त्यांना घरी पाठवलं. ते लंगडत आले, पण ताठ मानेने आले.

"अहो, डॉक्टरला तरी सांगायचं!" वैजू ओरडलीच. "ज्याला खरंच जाणून घ्यायचंय, त्याला सगळं खरं सांगायचं. काय काय खुपतंय ते एकेक करून."

"खरंच जाणून घ्यायचंय, हे ओळखायचं कसं?"

"तो हातातलं काम बाजूला ठेवून तुमच्या तोंडाकडे बघत बसतो."

अंबादासरावांनी हे मनात लिहून ठेवलं.

त्या रविवारी चर्चच्या हॉलमध्ये चहापान होतं. सगळी गल्ली आली होती. मिसेस व्हिटलो तापातून केव्हाच उठल्या होत्या आणि त्यांनी केक केला होता. त्यांनी अंबादासरावांना एक मोठा तुकडा दिला, सुरी बाजूला ठेवली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "खरं सांगा हं, कसा झालाय?"

सुरी बाजूला ठेवलेली अंबादासरावांनी पाहिली.

"वरून करपलाय," ते म्हणाले. "आतून कच्चा आहे. मनुका जुन्या आहेत. मधे दाताखाली अंड्याचं कवच आलं. घशाखाली उतरत नाही, दोन कप चहा लागला. बाकी डाव्या बाजूचं अजून खाल्लं नाही, खाऊन सांगतो."

एक गृहस्थ हवेबद्दल काहीतरी म्हणाले आणि सगळे घाईघाईने त्याला हो म्हणाले.

घरी आल्यावर वैजू बराच वेळ पाणी पीत होती. मग म्हणाली, "आप्पा, आता नीट ऐका. मिसेस व्हिटलोंनी काहीही पुढे केलं तरी हसायचं आणि म्हणायचं, 'फारच छान! आणखी आहे का?'"

"काहीही?"

"काहीही."

चार दिवसांनी दाराची घंटी वाजली. वैजू वर कपड्यांना इस्त्री करत होती. अंबादासरावांनी दार उघडलं. दारात मिसेस व्हिटलो उभ्या होत्या, डोळे लाल, हातात रुमाल.

"मिस्टर निंबाळे, आज सकाळी माझा भाऊ गेला."

"फारच छान!" अंबादासराव हसून म्हणाले. "आणखी आहे का?"

मिसेस व्हिटलोंनी डोळे पुसले. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, असं त्यांना लहानपणापासून वळण होतं.

"एक बहीण आहे," त्या म्हणाल्या. "लीड्सला."

वैजू इस्त्री तशीच टाकून खाली धावली. तिने त्यांना मिठी मारली, घरी पोचवलं, दोन दिवस जेवण नेऊन दिलं. अंबादासराव कोपऱ्यात बसून होते. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. सांगितलेलं एक अक्षर त्यांनी चुकवलं नव्हतं आणि तरी बाई रडत गेली होती.

"पोरी, आता तूच सांग मी काय करू," ते म्हणाले. "मला हे जमत नाही."

वैजूला त्यांची दया आली. ती त्यांच्याजवळ बसली. "सोपं आहे, आप्पा. शब्द पाठ नका करू. समोरच्याचं तोंड बघा. तो दुःखी असेल तर तुम्ही दुःखी व्हा. तो खूश असेल तर त्याच्या दुप्पट खूश व्हा. बस."

"दुप्पट?"

"दुप्पट."

हे मात्र अंबादासरावांना पटलं. यात हिशेब होता.

मग तो गुरुवार आला. वैजूची ड्यूटी होती. "मिस्टर ग्रिमशॉ घराचे कागद आणून देणार आहेत," ती जाताना म्हणाली. "घेऊन ठेवा. संध्याकाळी मी सही करते."

अकरा वाजता मिस्टर ग्रिमशॉ आले. ऊन पडलं होतं. झाड सफरचंदांनी लगडलं होतं. अंबादासरावांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड खूश होतं.

"वा, बाग छान ठेवलीत," मिस्टर ग्रिमशॉ म्हणाले. "मी इथे कधी राहिलो नाही. बरं वाटतं का हो इथे राहायला?"

अंबादासराव दुप्पट खूश झाले.

"बरं? साहेब, स्वर्ग आहे! तासाला एकच गाडी, म्हणून कोणाला घाई नाही. दुकान बंद, म्हणून गर्दी नाही. डॉक्टर हात मिळवतात. शेजारणीला काहीही बोला, ती सभ्यपणे उत्तर देते. सकाळी ती कुंपणावरून विचारते, कसे आहात. रोज विचारते, साहेब!"

मिस्टर ग्रिमशॉ खुर्चीत बसले. "मी लंडनच्या भर वस्तीत राहतो," ते हळूच म्हणाले. "बावीस वर्षं झाली. शेजाऱ्याचं नाव मला माहीत नाही." ते झाडाकडे बघत राहिले. मग त्यांनी कागद घडी करून परत खिशात घातले. त्यांचं तोंड उजळलं. "मग मी हे विकतोय कशाला? मीच येऊन राहतो!"

अंबादासरावांनी त्यांना मिठी मारली आणि पिशवीभर सफरचंदं दिली.

वैजू घरी आली ती पेढे घेऊनच. अंबादासरावांनी तिला सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, एकेक करून. ती पायरीवरच बसली.

"असू दे," शेवटी ती डोळे पुसत म्हणाली. "घर रिकामं करायची नोटीस तर मिस्टर ग्रिमशॉंना आपल्याला द्यावीच लागेल. दोन महिने हातात आहेत. तेवढ्यात कुठे ना कुठे खोली बघू."

"तेही दोन महिन्यांनीच येतो म्हणत होते," अंबादासराव म्हणाले. त्यांची मान ताठ झाली. "पण ते इतके खूश होते, पोरी, की मग मला दुप्पट व्हावं लागलं. मी त्यांना सहीनिशी लिहून दिलं, एकाच महिन्यात या."